हाक नेटवरची, उठाव वस्तीतला

३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये मुंबईची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो अर्ध्याच मार्गावर धावली. एअरपोर्ट रोडपर्यंत गाड्या येत होत्या, तिथून घाटकोपरपर्यंतची सेवा थांबवावी लागली, आणि साकीनाका स्थानक या बंद तुकड्याच्या मधोमध होते. दोन दिवसांपूर्वी, १ जानेवारीला, भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलेल्या लोकांवर दगडफेक झाली होती, गाड्या जाळल्या गेल्या होत्या. २ जानेवारीला चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात लोक रस्त्यावर उतरले, हार्बर मार्गावरच्या लोकल अडल्या, पूर्व द्रुतगती महामार्ग रोखला गेला. प्रकाश आंबेडकरांनी बंदची हाक दिली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद मागे घेतल्याचे जाहीरही केले. पुण्याच्या पलीकडच्या एका गावात दुपारी घडलेली घटना मुंबईच्या उपनगरांत इतक्या लवकर कशी पोचली, याचे उत्तर तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच होते : व्हॉट्सॲप. हे उत्तर खोटे नाही, पण त्याने फारच थोडे कळते. तीच दृश्ये खैरानी रोडच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांच्या फोनवर आली, चांदिवलीच्या कार्यालयांत बसणाऱ्यांच्या फोनवर आली, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रिक्षात अडकून पडलेल्यांच्या फोनवरही आली. पाहिले सगळ्यांनी, रस्त्यावर मात्र ठरावीक वस्त्या उतरल्या. इंटरनेट आणि राजकीय उठाव यांच्या नात्याचा विचार या फरकापासून सुरू करायला हवा, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. इंटरनेट उठावाला दोन गोष्टी देते, वेग आणि साक्ष. घडलेली गोष्ट ते काही मिनिटांत हजारो लोकांपर्यंत नेते, आणि ती घडली याचा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावाही सोबत नेते. या दोन्ही देणग्या फार मोठ्या आहेत; त्या नव्हत्या तेव्हा काय होत असे हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. पण उठावाला आणखी काही लागते. एकमेकांवर विश्वास लागतो, अटक झाली तर जामिनासाठी धावणारी माणसे लागतात, सरकारशी बोलणीला कोण बसणार हे ठरलेले लागते, आणि थांबा म्हटल्यावर लोक ज्याचे ऐकतील असा कुणीतरी लागतो. हे नेटवरून उतरवून घेता येत नाही. ते बुद्धविहारात, युनियनच्या कार्यालयात, भावकीत, मंडळात, गावच्या चावडीवर वर्षानुवर्षे घडत असते. म्हणून एखाद्या उठावात इंटरनेटचा वाटा किती, हा प्रश्न नुसत्या तंत्रज्ञानाकडे पाहून सुटत नाही. नेटवरची हाक वस्तीत पोचली तेव्हा तिथे आधीपासून काय उभे होते, हे पाहावे लागते.

इंटरनेट नसतानाचा उठाव कसा असतो, हे समजायला साकीनाक्याहून लांब जायला नको. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. लोक महामार्गावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा बचाव पोलिसांनी केला. वस्तीतल्या लोकांनी डोळ्यांनी जे पाहिले होते ते वेगळे होते, पण ते दाखवायला त्यांच्या हातात काही नव्हते. चारच दिवसांनी मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. गुंडेवार आयोग बसला, त्याने पोलिसांचा बचाव मान्य केला नाही, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. आनंद पटवर्धनांना या सगळ्याचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा करायला चौदा वर्षे लागली. त्या सकाळी रमाबाई नगरातल्या दहा-वीस माणसांच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन असता, तर टँकरची गोष्ट दुपारपर्यंतही टिकली नसती. उठाव मात्र फोनविना झाला. तो वस्तीने केला, आणि त्याचा अर्थ राज्यभरच्या दलित वस्त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

नऊ वर्षांनी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत जे घडले, तिथे आपल्याकडे इंटरनेटचा हात पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने ठार मारले. त्यानंतर तीनच दिवसांनी दसरा होता आणि धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष असल्याने नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला होता. खैरलांजी तिथून काही तासांच्या वाटेवर. तरीही त्या समुदायातून संतापाची लाट उठली नाही; ती उठायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या महिन्याभरात मोठ्या वर्तमानपत्रांनी ही बातमी एक तर दिली नाही, किंवा अनैतिक संबंधांतून घडलेले हत्याकांड अशा नावाखाली आतल्या पानात टाकली. मृतदेहांची छायाचित्रे आणि सत्यशोधनाचे अहवाल फिरले ते ई-मेलवरून, आंबेडकरी तरुणांच्या छोट्या संकेतस्थळांवरून आणि मोबाइलच्या संदेशांवरून. त्यानंतर नागपूर पेटले, अमरावती पेटली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. महिनाअखेरीस कानपूरमधल्या पुतळ्याच्या विटंबनेची बातमी आली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन जाळली गेली. त्या काळी वस्त्यांमध्ये संगणक जवळजवळ नव्हतेच. छायाचित्रे उघडली असतील ती सरकारी कार्यालयातल्या, बँकेतल्या, महाविद्यालयातल्या एखाद्या यंत्रावर, आणि मग छापून, झेरॉक्स काढून विहाराच्या फळ्यावर लागली असतील. शिकून नोकरीला लागलेल्या पिढीने नेट वापरले आणि वस्तीशी तिचा संबंध तुटलेला नव्हता, म्हणून ई-मेलचा मोर्चा झाला. हा संबंध तुटलेला असता, तर तीच छायाचित्रे काही शे सुशिक्षितांच्या हळहळीत विरून गेली असती.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातल्याच माणसाचे आहे. अण्णा हजारे यांचे २०११ चे लोकपाल आंदोलन हा भारतातला इंटरनेटवर घडलेला पहिला मोठा उठाव म्हणून सांगितला जातो. मिस्ड कॉल द्या आणि पाठिंबा नोंदवा, फेसबुकवर चित्र बदला, अमुक वाजता मेणबत्ती घेऊन या, अशी ती सोपी हाक होती. ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरले, मुंबईत आझाद मैदान भरले, डबेवाल्यांनी एक दिवस डबे पोचवले नाहीत. चारच महिन्यांनी, २७ डिसेंबरला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर अण्णा पुन्हा उपोषणाला बसले. साकीनाक्याहून रिक्षाने जाता येईल इतके ते मैदान जवळ, पण लोक आले नाहीत. मैदान ओस दिसू लागले, अण्णांची प्रकृती ढासळली आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण संपले. फेसबुकवरचे पाठीराखे तोपर्यंत कमी झाले नव्हते. अण्णांच्याच २००३ च्या आंदोलनाशी हे ताडून पाहावे. तेव्हा फेसबुक जन्मालाही आले नव्हते. भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलनाच्या तालुक्या-तालुक्यांत समित्या होत्या, त्यांच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे कागद गोळा केले होते. त्या बळावर आझाद मैदानातल्या उपोषणातून चार मंत्र्यांच्या चौकशीसाठी न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला, आणि माहितीच्या अधिकाराची महाराष्ट्रातली वाटचालही याच लढ्यातून झाली. दोन्ही वेळा नेता तोच, शहरही तेच. पहिल्या खेपेला लोकांना बोलावणारे कार्यकर्ते त्यांच्या ओळखीचे होते; दुसऱ्या खेपेला बोलावणारा एक क्रमांक होता.

यावर कुणी म्हणेल की मराठा क्रांती मोर्चा हे या म्हणण्याला छेद देणारे उदाहरण आहे. १३ जुलै २०१६ रोजी कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, आणि ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला. त्यानंतर जिल्ह्यामागून जिल्ह्यात लाखोंचे मोर्चे निघाले, आणि ९ ऑगस्ट २०१७ रोजी भायखळ्याच्या जिजामाता उद्यानापासून आझाद मैदानापर्यंत मुंबई भरून गेली. व्यासपीठावर पुढारी नाही, घोषणा नाही, पुढे मुली आणि बायका, मागे पुरुष, शेवटी कचरा उचलणारे स्वयंसेवक. आचारसंहिता, मार्ग, वाहनतळ, सगळे व्हॉट्सॲपवर ठरत होते आणि ड्रोनने घेतलेली दृश्ये पुढच्या जिल्ह्याला जोश देत होती. वरवर पाहता हा नेत्याविना, केवळ नेटवर उभा राहिलेला उठाव वाटतो. पण ज्या समाजात भावकी आणि सोयरीक तालुकाभर पसरलेली आहे, सहकारी सोसायट्या, कारखाने, शिक्षणसंस्था हाताशी आहेत, १९९० पासून मराठा सेवा संघासारख्या संघटना काम करत आहेत, तिथे व्हॉट्सॲपचा गट म्हणजे आधीच असलेल्या नात्यांची यादी होती. एवढे मोर्चे शांततेत निघाले ते ही नाती एकमेकांना धाकात ठेवणारी होती म्हणूनही. या मोर्च्यांतल्या ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याच्या मागणीने दलित वस्त्यांत धास्ती पसरली, हेही इथे सांगायलाच हवे. नेट एका समाजाला एकत्र आणते तेव्हा शेजारच्या समाजालाही ते दिसत असते. पुढे १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि त्याची दृश्ये रातोरात फिरली. तोवर बाहेर फारसे ठाऊक नसलेले मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण राज्याचा प्रश्न झाले. दृश्यांनी नाव मोठे केले, हे खरे. पण २०२५ च्या २ सप्टेंबरला आझाद मैदानातून लोकांना घरी पाठवता आले ते जरांगे यांच्या शब्दाला गावागावांत किंमत होती म्हणून.

किसान लाँग मार्चची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेले शेतकरी, बहुतेक आदिवासी, वनजमिनीचे हक्क मागत १२ मार्चला आझाद मैदानात पोचले. सुमारे १८० किलोमीटरची ही वाट त्यांनी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली चालून काढली. पहिले काही दिवस मुंबईतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता. मग फोड आलेल्या, सालटी निघालेल्या तळपायांची छायाचित्रे फोनवर येऊ लागली. मोर्चा मुलुंडच्या वेशीत शिरला तेव्हा पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला विक्रोळी, घाटकोपरचे लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे होते. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून मोर्चेकरी शीवच्या सोमय्या मैदानातून मध्यरात्रीनंतर उठून चालत आझाद मैदानाकडे गेले, आणि ही बातमी पसरल्यावर शहराचा सूरच बदलला. ही छायाचित्रे नसती तर सरकारने त्या दिवशी लेखी आश्वासन दिले असते का, याबद्दल मला शंका आहे. साक्षीचे मोल मी कमी लेखत नाही. पण हजारो माणसे सहा दिवस रांगेत चालली, रोज त्यांच्या भाकरीची सोय झाली, कुठे दगड उचलला गेला नाही, हे त्या छायाचित्रांनी केले नाही. पुढच्या वर्षी, आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून, तीच माणसे फेब्रुवारीत पुन्हा नाशिकहून निघाली. शहर तोवर त्यांना विसरून गेले होते. किसान सभा विसरली नव्हती.

आरेच्या झाडांचे आंदोलन नेटवरची गर्दी आणि जुनी संघटना या दोन टोकांच्या मधले आहे, आणि साकीनाक्याच्या अगदी शेजारचे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. अंधारात चाललेल्या तोडीची दृश्ये फोनवर आली आणि तासाभरात शेकडो तरुण आरेच्या फाटकांवर पोचले. हा वेग नेटनेच दिला. जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली, आणि ७ ऑक्टोबरला कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. रात्रीची करवत फोनपेक्षाही वेगवान निघाली. तरीही हा लढा त्या तीन दिवसांत संपला नाही, कारण आरेतल्या आदिवासी पाड्यांचे लोक आणि काही चिवट नागरिक त्याआधी अनेक वर्षे आणि त्यानंतरही उभे राहिले. कारशेड शेवटी आरेतच झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती मेट्रो साकीनाक्याच्या शेजारच्या मरोळ नाक्यावरून धावते आहे. हरलेल्या लढ्याचाही हिशेब मांडायला हवा : त्या रात्री आलेली गर्दी नेटची होती, टिकलेला विरोध पाड्यांचा होता.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, नेट इतके दुय्यम असते तर सरकारे ते बंद कशाला करतात? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध लोकांनी नऊ-दहा तास रेल्वे रोखून धरली, आणि लगेच तिथले इंटरनेट बंद झाले. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये तेच, जालना-बीडमध्ये त्याच वर्षी तेच. २०१७ च्या नियमांनी राज्याच्या गृहखात्याला हा अधिकार दिला आणि जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घालून दिल्या. बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करावा लागेल, असे सांगितले. सरकार नेटला घाबरते, यात वाद नाही. पण बंदीनंतर काय घडते, तेही पाहायला हवे. इजिप्तमध्ये २०११ च्या जानेवारीत मुबारक यांच्या राजवटीने जवळजवळ सगळा देश नेटवरून तोडला, आणि २८ जानेवारीला पूर्वीपेक्षा मोठी गर्दी बाहेर पडली. घरात बसून पडद्यावर पाहता येईना, म्हणून लोक शेजाऱ्याकडे, मशिदीकडे, चौकाकडे गेले. बांगलादेशात १८ जुलै २०२४ ला नेट बंद झाले आणि ५ ऑगस्टला शेख हसीना यांना देश सोडावा लागला. विद्यापीठांची वसतिगृहे तिथे आधीपासून होती. नेट तोडल्याने उठाव मोडतोच असे नाही. मोडते ती साक्ष. लाठी कुणी चालवली, गोळी कुठून आली, याचा पुरावा त्या तासांत बाहेर जात नाही. बंदीला विरोध करायचा तो मुख्यतः याच कारणासाठी.

नेपाळचे उदाहरण देऊन तरुण वाचक मला आणखी एक गोष्ट विचारतील. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ तारखेला गोळीबारात १९ जण मेले, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, आणि हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्की यांचे नाव तरुणांनी डिस्कॉर्डवरच्या चर्चेत पुढे आणले. संघटना नसताना सरकार पडले की! पडले, हे खरेच. नेटवर जमलेली गर्दी राजवट पाडू शकते; ट्युनिशियात २०११ साली आणि श्रीलंकेत २०२२ साली ते झालेले आहे. पण पाडल्यानंतर जागा भरायला जे येते ते आधी संघटित असलेले येते. इजिप्तमध्ये आधी मुस्लिम ब्रदरहूड आले, मग सैन्य आले. तहरीर चौकातल्या तरुणांच्या वाट्याला तुरुंग आले. काठमांडूत संसद जळाली, ती कुणी जाळायला सांगितली आणि कुणाच्या सांगण्याने थांबली असती, याचे उत्तर देणारा कुणीच नव्हता.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्या वेगाने खैरलांजीचे सत्य फिरले त्याच वेगाने खोटेही फिरते. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसेच्या निषेधाच्या सभेत आझाद मैदानावर दंगल उसळली, दोघे मेले, पोलिसांसह पन्नासहून अधिक जखमी झाले. त्याआधी फोनवर फिरलेल्या कित्येक छायाचित्रांचा त्या घटनांशी संबंधच नव्हता. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरला एका निरपराध तरुण अभियंत्याला जमावाने मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे सगळे आठवून कुणी म्हणत असेल की उठावाच्या नावाखाली आपण जमावाच्या वेडाची भलामण करतो, तर तो आक्षेप मी झटकून टाकणार नाही. मी एवढेच म्हणेन की खोटेसुद्धा रिकाम्या जागेत रुजत नाही. हडपसरला द्वेष पसरवणारी मंडळे आधी होती. राईनपाड्यात भटक्या माणसाबद्दलचा संशय ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याइतका जुना आहे. जिथे विचारपूस करणारी, थांबवणारी माणसे असतात तिथे अफवा अडते. म्हणजे संघटनेच्या बाजूने मी जे म्हणतो आहे ते चांगल्या उठावापुरते नाही. वाईट जमावाला आवरण्याचे दुसरे साधनही मला दिसत नाही.

आणि नेटची आठवण कुणाच्या ताब्यात राहते, हेही उठावाच्या अभ्यासात यायला हवे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला आणि पोलिसांना त्याचा माग लागला तो यंत्र तयार करून देणाऱ्या तंत्रज्ञाकडून. साधन ज्याच्या हाती, त्याच्या हाती आंदोलकांचा पत्ता, हे तेव्हाही खरे होते. आज ते कितीतरी पटींनी खरे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एक मत लिहिल्याबद्दल आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली ही अटक झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, पण मधल्या काळात, मार्च २०१३ मध्येच, मुंबई पोलिसांची सोशल मीडिया लॅब उभी राहिली होती. भीमा कोरेगावनंतरच्या एल्गार परिषद खटल्यात सोळा जणांना अटक झाली आणि पुराव्यांचा मोठा भाग संगणकांतल्या फाइलींचा आहे. त्यातल्या रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून घुसखोरी करून फाइली ठेवल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खैरलांजीवर पुस्तक लिहून त्या उठावाची नोंद करणारे आनंद तेलतुंबडे याच खटल्यात अडीच वर्षे तुरुंगात होते. ज्या फोनने साक्ष दिली, तोच साक्षीदाराविरुद्ध वापरता येतो.

नेटच्या या साक्षीत एक मोठी उणीवही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी. रमाबाई नगरापासून लाँग मार्चपर्यंत प्रत्येक उठावात बायका पुढे होत्या. नेटवरून इतिहास लिहायला बसलो तर त्या त्यात सापडणार नाहीत. नेटच्या आधीचा एक उठाव पाहा : घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवता चालवता खाणकामगारांची युनियन बांधणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांनी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांना संपावर नेले. त्या संपाचा इतिहास निदान माणसांच्या तोंडून मिळतो, कारण तो माणसांच्या तोंडून चालला होता. अलीकडच्या उठावांचे तसे नाही. २०१८ च्या जानेवारीतले घाटकोपर, असल्फा, साकीनाक्याचे संदेश, आवाज, दृश्ये ज्या फोनांत होती त्यातले बहुतेक फोन आता बदलले, विकले किंवा फुटले. कंपन्यांकडे आणि पोलिसांकडे त्यांचे धागे उरले असतील. वस्तीकडे मात्र काही उरलेले नाही.

म्हणून या विषयात शिरणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. तुमच्या वस्तीतल्या मोर्च्याची, बंदची, संपाची जी दृश्ये आणि संदेश अजून कुणाकडे शिल्लक असतील, ते तारीख, वेळ आणि जागा लिहून आजच उतरवून घ्या. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना धोका होणार नाही याची आधी खात्री करा. मग त्याची एक प्रत वस्तीतल्या विश्वासाच्या वाचनालयात, विहारात किंवा युनियनच्या कपाटात ठेवा. आणि त्या दिवशी फोन हाती नसलेल्या, पण रस्त्यावर असलेल्या बायकांना काय आठवते ते, त्या आपल्यात आहेत तोवर, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.